जेलीत लपलेली दारू, जेलीत लपलेले हाड



गेली काही वर्षे आपल्या गोव्यातल्या मराठी घरांत लग्नाच्या आदल्या रात्री, नाहीतर कुणाच्या पन्नाशी-साठीच्या पार्टीला एक नवा प्रकार दिसू लागला आहे. औषधाच्या मापाएवढ्या छोट्या वाट्या, आणि त्यांत लाल, हिरवी, केशरी जेली. तरुण मंडळी त्याला 'जेली शॉट' म्हणतात. फळांच्या चवीचा सोडा, थोडी व्होडका किंवा फेणी आणि जिलेटिन एकत्र करून फ्रिजमध्ये घट्ट करायचे, आणि वाटी ओठांना लावून गट्ट करायचे. हा घोट म्हणायचा की घास, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्या वयाची माणसे हे बघून नाक मुरडतात. "ही अमेरिकेची थेरं आपल्याकडे कशाला?" असे म्हणतात. मी थोडे वाचले, थोडे आठवले, थोडे घरातल्या जाणत्यांना विचारले. प्रकार बाहेरून आला हे खरेच आहे. पण त्यातली एकेक वस्तू आपल्या घराला जुन्या ओळखीची आहे. आणि त्याच्या इतिहासात एक गोष्ट फिरून फिरून येते, ती म्हणजे आपल्या पोटात काय आहे ते जेली दाखवत नाही. त्याबद्दलच आज लिहायचे आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात जिलेटिनपासून करू.

जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे, कातडी आणि स्नायुबंध शिजवून काढलेले द्रव्य. सुताराचा सरस आणि हे, दोघे सख्खे भाऊ. एक लाकूड चिकटवतो, दुसरा शुद्ध करून खाण्यात येतो. युरोपात श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात वासराचे पाय तासन् तास उकळून, चरबी काढून, रस गाळून जेली करत. दिवसभराचे काम आणि हाताखाली नोकर, त्यामुळे जेली हे ऐश्वर्याचे लक्षण होते. १६७९ मध्ये दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये वाफ कोंडून शिजवणारे भांडे करून दाखवले. आपल्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. त्याचा एक मुख्य उपयोग हाडे मऊ करून त्यांतला रस काढणे हाच होता.

पुढे १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या पीटर कूपर यांनी खाण्याच्या जिलेटिनचे पेटंट घेतले. यांचा धंदा सरसाचा, कारखाना सरसाचा. म्हणजे भावाभावांचे नाते इथेही सुटले नाही. पण नुसती पूड विकून लोक जेली करू लागले नाहीत. ते काम न्यूयॉर्क राज्यातल्याच लरॉय गावच्या पर्ल वेट नावाच्या सुतारकाम करणाऱ्या माणसाने केले. खोकल्याचे औषध विकण्याचा त्याचा जोडधंदा होता. १८९७ मध्ये त्याने जिलेटिनच्या पुडीतच साखर, रंग आणि फळाची चव घातली. त्याच्या बायकोने नाव ठेवले 'जेल-ओ'. पहिल्या चवी चार होत्या: स्ट्रॉबेरी, रासबेरी, संत्रे आणि लिंबू. धंदा काही चालला नाही आणि १८९९ मध्ये त्याने सगळे हक्क ४५० डॉलरला ऑरेटर वुडवर्ड नावाच्या गावकऱ्याला विकून टाकले. पुढे त्या नावाने अमेरिकेची घरे व्यापली. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला हा व्यवहार वाचून हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

आता यात दारू कधी शिरली? पुडीच्याही आधी. जेरी थॉमस हा अमेरिकेतला नावाजलेला बारटेंडर. त्याने १८६२ मध्ये मद्यमिश्रणांवर पुस्तक काढले, आणि त्यात 'पंच जेली' आहे. लिंबू, साखर, ब्रँडी आणि रम यांचे पंच करायचे आणि ते माशाच्या आतल्या हवेच्या फुग्यापासून काढलेल्या द्रव्याने घट्ट करायचे. कृतीखाली त्याने सावधही करून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की थंडीच्या रात्री हा पदार्थ फार छान, पण बेताने घ्या. जेलीत दारूची तीव्रता इतकी बेमालूम लपते की जेवणानंतर नाच करण्याच्या अवस्थेत लोक उरत नाहीत. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पदार्थ देणाऱ्यानेच त्याचा दोषही सांगितला होता. आपल्या पार्टीत वाट्या फिरवणारे तेवढे सांगत नाहीत.

विसाव्या शतकातली एक गंमत टॉम लेहरर यांची. हार्वर्डचे गणिती, आणि विनोदी, बोचरी गाणी लिहिणारे व गाणारे म्हणून प्रसिद्ध. १९५५ ते १९५७ ते अमेरिकी लष्कराच्या सेवेत होते. तिथल्या नाताळच्या पार्टीत मद्यपेयांना मनाई. यांनी मित्राबरोबर विचार केला, की मनाई पेयांना आहे, खाण्याला थोडीच आहे? आणि संत्र्याच्या जेलीत व्होडका घालून वाट्या भरल्या. ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे मुलाखतीत सांगितली. त्यामुळे काही लोक त्यांनाच या प्रकाराचे जनक मानतात. १८६२ चे पुस्तक समोर ठेवले की जनकपण टिकत नाही, पण युक्तिवाद मात्र आपल्या ओळखीचा आहे. उपासाला भात चालत नाही, वरी चालते, हे म्हणणारे आपणच ना!

हे झाले तिकडचे. आता इकडे येऊ, कारण वाटीत सोडाही असतो, आणि सोडा आपल्या बाजारात जेलीच्या कितीतरी आधी आला.

इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली हे धर्मोपदेशक आणि शास्त्रज्ञ बिअरच्या भट्टीशेजारी राहत. आंबवणाच्या पिंपांवर जो वायू तरंगतो तो पाण्यात मिसळता येतो, हे त्यांनी १७६७ च्या सुमारास करून पाहिले आणि १७७२ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. पुढे सोड्याचा धंदा उभा राहिला, पण अडचण होती बाटलीच्या तोंडाची. बूच सुकले की वायू पळाला. १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रज माणसाने बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी अडकवली. बाटली उलटी धरून भरायची, सुलटी करताना आतल्या वायूच्या दाबानेच गोटी रबराच्या कड्याला जाऊन बसते. अंगठ्याने गोटी आत ढकलली की 'टॉक्' असा आवाज आणि फेस. हीच आपली गोटी सोड्याची बाटली. जगात बहुतेक ठिकाणी ती संग्रहालयात गेली, आपल्याकडे जत्रेत अजून दिसते.

नोकरीत असताना मला एका छोट्या सोडा कारखान्याच्या कर्जाची तपासणी करायला जावे लागे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, वायूची टाकी, बाटल्या फिरवणारे यंत्र आणि ओल्या फरशीवर बसून बाटल्या धुणाऱ्या दोन बायका. तारण मालाच्या यादीत सगळ्यात मोठी रक्कम कशाची असायची ठाऊक आहे? रिकाम्या बाटल्यांची. आतला सोडा काही पैशांचा, खरे भांडवल बाटलीत. म्हणून दुकानदार बाटली परत घेतल्याशिवाय हलू देत नसे, आणि गोटीसाठी बाटली फोडणारी आमच्यासारखी पोरे त्याला शत्रूसारखी वाटत. त्या सोड्याच्या चवी होत्या लिंबू, संत्रे, रासबेरी. जेल-ओच्या पहिल्या चारांतल्या तीन! एकमेकांना न पाहिलेल्या माणसांनी जवळजवळ त्याच चवी निवडल्या. कारणही सोपे आहे. या चवी आंबट-गोड, रंगाने भडक, आणि मुलांना लगेच आवडणाऱ्या. हे शेवटचे कारण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी वस्तू दारू. गोव्यात राहून हा विषय टाळणे म्हणजे समुद्राकाठी राहून पाण्याबद्दल न बोलणे.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आमच्या सत्तरीच्या बाजूला डोंगरउतार काजूचे. मार्च ते मे हा हंगाम. बी विकायला जाते आणि बोंडू रसासाठी. दगडात खोदलेल्या उथळ टाकीत बोंडू तुडवतात. त्या टाकीला आमच्याकडे कोळंबी म्हणतात. बेळगाव-इंदूरच्या मंडळींनी गोंधळू नये, ही खायची कोळंबी नव्हे. तुडवून उरलेल्या लगद्याचा गोळा करून वर वजन ठेवले की रात्रभर थेंब थेंब स्वच्छ रस गळतो, तो नीरो. तो ताजा प्यायचा, थंडगार. तुडवलेला रस काही दिवस आंबवून भाटीवर चढवला की पहिल्या धारेची ती हुर्राक, हलकी आणि फळाच्या वासाची. तिच्यावर पुन्हा भाटी लावली की फेणी. जोर मोजायचे जुने माप पोर्तुगीजांच्या काळचे, 'ग्राव'. भाटीवाला मात्र बाटली हलवून फेस किती वेळ टिकतो ते बघून सांगतो. फेसावरून फेणी हे नाव पडले, असे म्हणतात.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला गोव्याच्या वारशाचे पेय ठरवले. बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित फेणीत मद्यार्क ४२.८ टक्के.

आमचे घर कडक शाकाहारी. अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. पण काजूची बाग होती, त्यामुळे बोंडू भाटीवाल्याकडे जात आणि हंगाम संपताना एक बाटली फेणी घरी येई. ती कोठीच्या खोलीत, तेलाच्या बुधल्यामागे. मुलांच्या छातीत कफ झाला की चोळायला, पोटात कळ आली की चमचाभर गरम पाण्यातून. पुरुषांपैकी कोण कधी कोठीत जातो याची चर्चा होत नसे, पण बाटलीत काय आहे ते घरातल्या लहानथोर सगळ्यांना ठाऊक होते. तिकडे सीमेपलीकडे मुंबई राज्यात १९४९ पासून दारूबंदीचा कायदा. वडोदे त्याच वर्षी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० मध्ये गुजरात वेगळा झाल्यावरही तिथे बंदी कायम राहिली. त्यामुळे वडोद्याचे पाहुणे उन्हाळ्यात आले की कोठीच्या खोलीची वर्दळ थोडी वाढे, एवढे मला लहानपणीही समजत होते.

मग जेली आमच्या घरी कधी आली? फ्रिजबरोबर. जिलेटिन साधारण अंगाच्या उष्णतेला वितळते, म्हणूनच ते तोंडात टाकताच विरघळते. पण म्हणूनच गोव्याच्या एप्रिलमध्ये फ्रिजशिवाय ते उभे राहत नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षांत वीज गावोगाव पोहोचत गेली, आणि सत्तरच्या दशकात नोकरदारांच्या घरी फ्रिज आले. त्यापाठोपाठ वाढदिवसाला 'फ्रूट कस्टर्ड विथ जेली'. पुडीवर स्ट्रॉबेरीचे चित्र. आत जनावराचे हाड आहे असे कुणाला सुचणार? सुगृहिणींनी शाकाहारी पाहुण्यांना प्रेमाने ती जेली वाढली आणि पाहुण्यांनी मागून घेतली. पाकिटावर तपकिरी खूण सक्तीची झाली ती २००१ मध्ये. तोवर तीस वर्षे आपण सगळेच अंधारात होतो.

खरे तर पर्याय घरातच होता. चायना ग्रास! समुद्रातल्या शेवाळापासून काढलेले पांढरे दोरे, वाण्याकडे मिळायचे, फालुद्यात पडायचे. जपानात याचा शोध लागला तो सतराव्या शतकात. एका खानावळवाल्याने उरलेले शेवाळाचे कालवण थंडीत बाहेर टाकले, ते गोठले, सुकले, आणि पुन्हा उकळल्यावर घट्ट झाले, अशी कथा सांगतात. याचा दुसरा मोठा उपयोग वैद्यकात झाला, आणि तो स्वयंपाकघरातूनच गेला. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळे, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकत. तिथे काम करणारे वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी सुचवले, की मी जेलीला वापरते ते अगर घ्या. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळले होते. अगर उकळत्या पाण्याजवळच्या उष्णतेला वितळते पण एकदा घट्ट झाले की उन्हाळ्यात हलत नाही. आजही प्रयोगशाळेत तेच वापरतात. जी वस्तू जर्मन उन्हाळ्यात टिकली ती आपल्या मे महिन्यातही टिकते, हे सांगायला नको.

आता ज्या कारणासाठी हे सगळे लिहायला बसलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या आदल्या रात्री या वाट्या होत्या. करणाऱ्या मुली हौशी, कामाच्या नीटस. मोठ्यांसाठी दारूची जेली, मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी साधी. दोन्हींचा रंग लाल, वाट्या सारख्या, फ्रिजचा कप्पाही एकच. सात वर्षांच्या एका मुलाने कुणी बघत नसताना तीन-चार वाट्या खाल्ल्या. थोड्या वेळाने तो गप्प झाला, मग ओकला, मग उठवले तरी धड उठेना. दवाखान्यात नेले. लहान मुलांच्या अंगात थोड्या दारूनेही रक्तातली साखर घसरू शकते, झोप लागली असे समजून पडू दिले असते तर अवघड होते, असे डॉक्टर म्हणाले. रात्रभर ठेवून घेतले, सकाळी पोरगे ठणठणीत. लग्न पार पडले. पण त्या रात्री मुलाच्या आईचा जो चेहरा झाला होता तो मला विसरता येत नाही.

त्याच गडबडीत दुसरी गोष्ट घडली, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आमच्या एक चुलत आत्या, वय ऐंशीच्या पुढे, तिथेच खुर्चीत बसल्या होत्या. मुलांसाठीची साधी जेली त्यांना कुणीतरी दिली होती, त्यांनी आवडीने खाल्ली होती. मुलाने काय काय खाल्ले याची चौकशी चालू असताना कुणीतरी पाकीट आणून मोठ्याने वाचले, आणि त्यात जिलेटिन हा शब्द आला. आत्याने मला जवळ बोलावून विचारले, "म्हणजे काय रे?" मी सांगितले. खोटे सांगणे मला जमले नसते. त्या उठल्या, मोरीवर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "दारूचं मला काही नाही रे, ती बाटली माझ्याच कोठीत असायची. हाडाचं मात्र सांगायला हवं होतं."

मुली रडकुंडीला आल्या. त्यांनी मुद्दाम काही केले नव्हते, त्यांनाही ठाऊक नव्हते. आत्यांनीच त्यांना जवळ घेतले. पण वाक्य बरोबर होते. कोठीतली बाटली बुधल्यामागे असली तरी ती काय आहे हे घराला माहीत होते. जेलीत दारूची दारू कळत नाही आणि हाडाचे हाड कळत नाही. जेरी थॉमसने १८६२ मध्ये एका लपण्याबद्दल सावध केले, दुसऱ्याबद्दल आपल्या आत्यांनी.

म्हणून पार्टीत हा पदार्थ करूच नका, असे मी म्हणणार नाही. मीही चाखला आहे, फेणी आणि लिंबू-सोड्याची जेली चांगली लागते. करायचा तर नीट करा. आमच्याकडे आता कसा करतात तो हिशेब देतो.

जिलेटिनची पुडी वापरणार असाल तर साधारण ८५ ग्रॅमची लिंबाच्या चवीची एक पुडी, उकळते पाणी २४० मिली. दोन-तीन मिनिटे ढवळून कण पूर्ण विरघळवा. कोमट झाल्यावर गार लिंबू-सोडा १२० मिली बाजूने हळू ओता. वायू बराचसा उडतो, जिभेला थोडी चुणचुण राहते. शेवटी फेणी १२० मिली. दारू उकळत्या पाण्यात घालू नका, वासच आधी उडून जातो. चिमूटभर मीठ. उभी चिरलेली हिरवी मिरची दोन मिनिटे बुडवून काढली तर हुर्राकच्या ग्लासाची आठवण होते. याच्या ३० मिलीच्या १६ वाट्या होतात. फ्रिजमध्ये चार तास. फेणी यापेक्षा फार वाढवली तर जेली धरत नाही, पातळच राहते. ताजा अननस आणि पपई घालू नका, त्यांतला पाचक रस जिलेटिन तोडतो. अननस शिजवून घेतला तर चालतो.

आता खतावणी बघा. १२० मिली भागिले १६, म्हणजे वाटीमागे साडेसात मिली फेणी. चार वाट्या म्हणजे ३० मिलीचा एक छोटा पेग. ग्लासातला पेग माणूस अर्धा तास पुरवतो. वाट्या मात्र गप्पांच्या नादात दहा मिनिटांत बारा जातात, म्हणजे तीन पेग, आणि अंगात भिनायला वेळ लागत असल्याने तेराव्या वाटीपर्यंत काहीच वाटत नाही. म्हणून आमच्याकडे माणशी चारच ठेवतात. गाडी चालवणाऱ्याला एकही नाही.

शाकाहारी करायची तर चायना ग्रास १० ग्रॅम, पंधरा मिनिटे भिजवून २५० मिली पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. यात उलट काळजी घ्यायची. सोडा आणि फेणी फ्रिजमधली गार घालायची नाही, नाहीतर क्षणात गुठळ्या होतात. बाहेरच्या तापमानाची, मिश्रण अजून गरम असतानाच, दोन्ही मिळून २५० मिली घाला. भिरंडीचे सरबत घालायचे तर गॅस बंद केल्यावर, कारण आंबटात उकळले की चायना ग्रासची पकड सुटते. ही जेली जिलेटिनसारखी थरथरत नाही, आमच्या नाचण्याच्या सात्वासारखी वडी पडते. वडोद्याच्या मंडळींनी आणि मुलाबाळांसाठी फेणीच्या जागी आणखी सोडा आणि भिरंड घ्यावे. खरे सांगायचे तर मला तीच जास्त आवडते.

त्या लग्नानंतर आमच्या घरात तीन गोष्टी ठरल्या, त्या अजून पाळल्या जातात. दारूची जेली आणि साधी जेली एका रंगाची करायची नाही, एका आकाराच्या वाटीत भरायची नाही आणि एका फ्रिजमध्ये ठेवायची नाही. दारूच्या वाट्या मुलांच्या हाती लागतील अशा टेबलावर मांडायच्या नाहीत, मोठ्या माणसाने हाताने द्यायच्या. आणि प्रत्येक ताटासमोर मराठीत चिठ्ठी: यात फेणी आहे, यात जिलेटिन आहे, यात फक्त चायना ग्रास आहे. पाहुण्याने काय खायचे ते पाहुणा ठरवेल. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम आत्यांनी मागून घेतले होते. अक्षर मोत्यासारखे. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आले आहे.

तुमच्याकडे, म्हणजे बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या घरांत चायना ग्रासचे काय काय करत असत? आणि गोटी सोड्याच्या कोणकोणत्या चवी मिळत? जुन्या माणसांना विचारून जरूर लिहा.